मरणोन्मुखांची शुश्रूषा आणि तिचें शिक्षण

रोग्याची सेवा या अर्थानें आपण ‘शुश्रूषा’ हा शब्द नित्य वापरतों. परंतु त्याच्या धातूकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें, आणि शुश्रूषा म्हणजे मुळांत ऐकण्याची इच्छा. गुरूचें बोलणें ऐकूं इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करी, म्हणून त्या शब्दाला सेवा हा अर्थ चिकटला. आणि पुढें तो शब्द गुरूच्या आश्रमांतून निघून रोग्याच्या खाटेपाशीं येऊन बसला. ही व्युत्पत्ति व्याकरणाच्या तासाला शोभणारी खरी. पण आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे त्याचें मर्म मला या एका शब्दांत सांपडतें, म्हणून आरंभींच तिचा उल्लेख केला.

विषय असा आहे. जो रोगी आतां बरा होणार नाहीं, ज्याचे दिवस भरत आले आहेत, त्याची सेवा करणाऱ्या परिचारिकेला करुणा शिकवितां येते काय? या प्रश्नाचीं दोन उत्तरें लोकांच्या तोंडीं तयार असतात. कोणी म्हणतो, करुणा उपजतच असावी लागते; ती शिकवून येत नाहीं. दुसरा म्हणतो, शिक्षणक्रमांत एक विषय वाढवावा, त्याची परीक्षा घ्यावी, म्हणजे काम झालें. गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे हीं दोन्ही उत्तरें लंगडीं पडतात. त्या इतिहासांत प्रथम डोळ्यांत भरतें तें हें, कीं करुणा घेऊन आलेल्या मुलींना ती टाकून द्यावयास शिकविण्याचें काम मोठमोठ्या संस्थांनीं फार पद्धतशीरपणें केलें आहे, आणि तेंहि कोणाचा दुष्ट हेतु नसतांना.

पूर्वीं आपल्याकडे मरण घरांतच येई. माजघरांत किंवा ओटीवर अंथरूण असे, उशाशीं गंगाजलाचें भांडें असे, आणि मुलेंबाळें ये-जा करीत असत. ही सेवा घरांतल्या बायकांकडे, आणि पुष्कळदां एखाद्या विधवा आत्याकडे किंवा मावशीकडे येई. तिला तें कोणीं शिकविलेलें नसे, आणि तिच्या कष्टांची नोंदहि कोणीं ठेवलेली नाहीं. तो काळ सोन्याचा होता असें मी म्हणत नाहीं; वेदनेवर फारसा उपाय नव्हता आणि त्या आत्याबाईला विश्रांति नव्हती. परंतु मरणाऱ्या माणसाशीं बोलावें कसें, हा प्रश्न तिला पडत नसे. तो प्रश्न मरण घरांतून उठून रुग्णालयांत गेलें तेव्हां उत्पन्न झाला.

युरोपांत मरणानें घर सोडलें तें आपल्याआधीं, आणि तेथील रुग्णालयांतील सेविकांची कीर्ति तेव्हां फारशी चांगली नव्हती. डिकन्सनें १८४३-४४ मध्यें लिहिलेल्या एका कादंबरींतील सैरी गँप ही दारूच्या घोटावर रात्र काढणारी बाई म्हणजे त्या काळच्या दाईचें आणि सेविकेचें लोकांच्या मनांतलें चित्र होय. त्या पार्श्वभूमीवर जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं कायझर्सवेर्थ येथें थिओडोर फ्लीड्नर या धर्मोपदेशकानें व त्याच्या पत्नीनें १८३६ सालीं सेविकांना शिकविणारी संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ सालीं तेथें कांहीं महिने राहून आली. क्रिमियाच्या युद्धानंतर कृतज्ञ जनतेनें तिच्या नांवें जो निधि जमविला, त्यांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. अर्वाचीन परिचर्येच्या शिक्षणाचा आरंभ बहुतेक इतिहासकार येथूनच धरतात.

या शाळेंत मिसेस वॉर्डरोपर नांवाच्या मुख्य परिचारिका दर महिन्यास प्रत्येक उमेदवार मुलीचा तक्ता भरीत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता व नीटनेटकेपणा, रुग्णकक्षाची व्यवस्था असे त्यांत रकाने असत. ‘करुणा’ असा रकाना नव्हता. पुष्कळांना यांत व्हिक्टोरिया राणीच्या काळचा कोरडेपणा दिसतो. मला तसें वाटत नाहीं. नाइटिंगेलचें परिचर्येवरील १८५९ सालचें पुस्तक वाचलें म्हणजे तिनें करुणा कोठें ठेवली होती तें कळतें. रोग्याला ऐकूं जाईल अशा अंतरावर कुजबुज करूं नये; परकराची सळसळ होऊं देऊं नये; जातां येतां खाटेला धक्का लावूं नये; उभ्या उभ्या, दाराशीं एक पाय ठेवून रोग्याशीं बोलूं नये, त्याच्यासमोर बसून बोलावें. करुणा हा शब्द न उच्चारतां ती हातापायांच्या संवयींत उतरविण्याची ही रीति आहे. त्या पुस्तकांत एक सबंध प्रकरण पोकळ आशा दाखविणाऱ्या आणि फुकट उपदेश करणाऱ्या माणसांवर आहे. आपण आतां उठणार नाहीं हें ज्याला आंतून कळलें आहे, अशा रोग्याला भेटावयास येणारे लोक ‘अहो, तुम्ही लवकरच हिंडूंफिरूं लागाल’ असें म्हणून कसें एकटें पाडतात, याचें तिचें वर्णन फार तिखट आहे. ती स्वतः अनेक वर्षें अंथरुणाला खिळली होती, हेंहि येथें लक्षांत ठेवावें.

दुर्दैव असें कीं, शाळा जगभर पसरली तेव्हां तक्ते आणि गणवेष सर्वत्र पोंचले. तें प्रकरण मात्र मागेंच राहिलें. आपल्याकडेहि हें शिक्षण आलें. पुण्यास रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं सेवासदन निघालें, आणि थोड्याच वर्षांत तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणें, वाटेल त्या जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढणें, हें कुलीन घरांतल्या बाईनें करावें ही कल्पनाच लोकांस तेव्हां सहन होत नसे. त्या पहिल्या स्त्रियांनीं जें धैर्य दाखविलें त्याचें मोल आज आपल्याला नीट करतां यावयाचें नाहीं. पण त्यांच्यापुढें लढाई होती ती प्रतिष्ठेची. आणि प्रतिष्ठा मिळविण्याचें साधन होतें शिस्त.

दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्णालयाचें रूपच पालटलें. पेनिसिलिन आलें, रक्त देण्याची सोय झाली, शस्त्रक्रिया धीट झाल्या. पूर्वीं हमखास मरणारे रोगी उठून घरीं जाऊं लागले. या आनंदाची दुसरी बाजू अशी, कीं जो मरे तो रुग्णालयाचें अपयश होऊन मरे. डॉक्टर त्याच्या खाटेपाशीं थोडें कमी थांबत. आणि मग तेथें उरे ती अठरा-एकोणीस वर्षांची शिकाऊ मुलगी.

या मुलीचें काय होतें, हें इझाबेल मेन्झीस या संशोधिकेनें शोधून काढलें, आणि तेंहि जवळजवळ अकल्पितपणें. लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयानें टॅव्हिस्टॉक संस्थेकडे एक साधी अडचण नेली होती: शिकाऊ परिचारिकांच्या पाळ्या आणि नेमणुका नीट बसत नाहींत, तर कांहीं उपाय सुचवावा. त्या रुग्णालयांत सुमारें सातशें परिचारिका होत्या आणि त्यांतील फक्त दीडशें शिक्षण पुरें केलेल्या. बाकी सर्व विद्यार्थिनी. मेन्झीस त्यांच्याशीं बोलत गेली, तसतशी पाळ्यांची अडचण मागें पडली आणि तिच्याखालीं दडलेली भीति वर आली. १९६० सालीं तिचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांत तिनें दाखविलें कीं, रुग्णालयाची सारी व्यवस्थाच मुळीं परिचारिकेला दुःखाचा स्पर्श होऊं नये अशी रचलेली आहे. एका मुलीनें एका रोग्याचें सर्व कांहीं करावयाचें नाहीं. तिनें तीस रोग्यांचें एकेकच काम करावयाचें. एकीनें सर्वांचें तापमान घ्यावयाचें, दुसरीनें सर्वांचीं भांडीं द्यावयाचीं. रोग्याचें नांव न घेतां ‘दहाव्या खाटेवरचें यकृत’, ‘पंधराव्या खाटेवरचा न्यूमोनिया’ असें म्हणावयाचें. कोणत्याहि कक्षांत पाय रुळण्याच्या आंत मुलीची बदली व्हावयाची, आणि बदलीचें वाईट वाटूं न देणें हेंच उत्तम परिचारिकेचें लक्षण समजावयाचें. रोगी मेला आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें, तर वरिष्ठ बाईनें तिला पाठीवर हात न ठेवतां, स्वतःला आवरावयास सांगावयाचें. या वरिष्ठ बायका क्रूर नव्हत्या. मेन्झीसशीं एकांतांत बोलतांना त्यांनाहि मुलींची कळकळ वाटत असल्याचें दिसे. पण आपण समजुतीनें बोललों तर मुलगी अधिकच खचेल अशी त्यांना धास्ती होती, कारण त्यांनाहि कोणे एके काळीं कोणीं तसें समजुतीनें वागविलें नव्हतें.

या बंदोबस्ताचा परिणाम काय झाला? भीति गेली नाहीं. ती फक्त मुकी झाली. सुमारें एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात. आणि मेन्झीसचें जें निरीक्षण मला सर्वांत बोंचलें तें हें, कीं सोडून जाणाऱ्यांत मनानें अधिक प्रौढ आणि समंजस अशा मुलींचा भरणा पुष्कळ होता. म्हणजे करुणा उपजत असते असें क्षणभर मानलें, तरी ती घेऊन आलेल्यांना ही व्यवस्था दारांतूनच परत लावीत होती.

त्याच सुमारास अमेरिकेंतहि हीच गोष्ट वेगळ्या वाटेनें उघडकीस आली. कॅलिफोर्नियांत बार्नी ग्लेझर व अन्सेल्म स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनीं रुग्णालयांतील मरणांचा अभ्यास चालविला होता. त्यांच्यासमवेत काम करणारी जीन क्विंट ही स्वतः परिचारिका होती. परिचर्येच्या शाळांत मृत्यूविषयीं काय शिकवितात, याचा शोध घेऊन तिनें १९६७ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. प्राण वाचविण्याचीं कृत्यें मुलींना पुनःपुन्हां घटवून घेतलीं जात; मेलेल्याच्या देहाचें काय करावयाचें तेंहि रीतसर शिकविलें जात असे; पण जिवंत असून मरत असलेल्या माणसाशीं काय बोलावें, याविषयीं जवळजवळ कांहींच नसे. त्यामुळें मुली आपापल्या परीनें एक युक्ति शिकत: कामांत असल्याचें दाखवावें, विषय बदलावा, आणि खोलींतून लवकर निघावें. शिक्षिकाहि मनांत तेंच करीत असत. तेव्हां त्यांनीं तरी दुसरें काय शिकवावें?

आतां मी ज्या बाईकडे वळतों तिची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. सिसिली सॉंडर्स हिचा जन्म १९१८ सालचा. ऑक्सफर्डमधील अभ्यास सोडून तिनें युद्धकाळांत नाइटिंगेलच्याच शाळेंत परिचारिकेचें शिक्षण घेतलें. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम तिला झेपेना, म्हणून ती रुग्णालयांतील समाजसेविका झाली. तेथें तिला डेव्हिड टास्मा हा रोगी भेटला. हा वॉर्सा शहरांतला पोलिश ज्यू, वय अवघें चाळीस, कर्करोगानें अंथरुणाला खिळलेला. लंडनमध्यें त्याचें आप्त म्हणावें असें कोणी नव्हतें. सॉंडर्स त्याच्यापाशीं जाऊन बसे. आपण जगांत येऊन कांहींच केलें नाहीं, मागें आपली आठवणहि राहणार नाहीं, हें त्याचें दुःख होतें. मरणाऱ्यांसाठीं एखादें शांत स्थान असावें, असें दोघें बोलत. एकदां तिनें त्याच्या समाधानासाठीं कांहीं म्हणून दाखवावें म्हणून धर्मग्रंथ उघडला, तेव्हां त्यानें तें नको म्हटलें. तिच्या स्वतःच्या बुद्धींत आणि हृदयांत जें आहे तेवढेंच त्याला हवें होतें. १९४८ सालीं तो वारला, आणि तिच्या भावी गृहांत एक खिडकी व्हावी म्हणून त्यानें पांचशें पौंड ठेवले. त्या एका खिडकीभोंवतीं घर बांधावयास तिला एकोणीस वर्षें लागलीं.

या एकोणीस वर्षांत तिनें काय केलें, तें करुणेला नुसती कोमल भावना समजणाऱ्यांनीं मुद्दाम पाहावें. ती संध्याकाळच्या वेळीं लंडनमधील सेंट ल्यूक या मरणोन्मुखांच्या गृहांत स्वेच्छेनें काम करी. मॉर्फिन तेथें ठराविक तासांनीं नेमानें देत. इतरत्र सर्व ठिकाणीं रीति अशी कीं, रोगी वेदनेनें कळवळला, त्यानें याचना केली, म्हणजे मग सुई टोंचावयाची. यामुळें रोग्याचा सारा दिवस वेदनेची वाट पाहण्यांत आणि परिचारिकेचें तोंड न्याहाळण्यांत जाई. नेमानें दिलेलें मॉर्फिन वेदनेला डोकें वर काढूंच देत नाहीं, हें तिनें पाहिलें. एका शस्त्रवैद्यानें तिला सांगितलें कीं, तूं डॉक्टर हो. परिचारिकेचें म्हणणें डॉक्टर ऐकणार नाहींत. तिनें तें मनावर घेतलें आणि १९५७ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ती डॉक्टर झाली. (एका परिचारिकेचें ऐकलें जावें म्हणून तिला डॉक्टर व्हावें लागलें, याचा विचार करावा तितका थोडा.) पुढें हॅक्नी भागांतील सेंट जोसेफ या गृहांत तिनें सात वर्षें काम केलें. तें गृह आयर्लंडमधील ख्रिस्ती भगिनी चालवीत. माया त्यांच्याजवळ भरपूर होती. औषधाचें शास्त्र मात्र नव्हतें. सॉंडर्सनें तेथें नियमित मॉर्फिन सुरू केलें, रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि १९५९ सालीं ‘नर्सिंग टाइम्स’ या परिचारिकांच्या साप्ताहिकांत मरणोन्मुखांच्या सेवेवर सहा लेख लिहिले. तिनें प्रथम परिचारिकांशींच बोलावें हें योग्यच होतें.

तिच्या शिकविण्याची पद्धत मात्र निराळी होती. ती रोग्यांचें बोलणें ध्वनिमुद्रित करी आणि तें व्याख्यानांत ऐकवी. एका बाईला तिनें नुसतें विचारलें कीं, तुमची वेदना कशी आहे तें सांगा. त्या बाईनें पाठीपासून सुरुवात केली आणि बोलतां बोलतां नवरा व मुलगा यांचे हाल, पैशाची ओढाताण, कोणी आपलें म्हणणें समजून घेत नाहीं ही व्यथा, सर्व कांहीं त्या एकाच उत्तरांत आलें. जणूं आपलें सारें कांहीं बिघडलें आहे, असें ती म्हणाली. त्यावरून सॉंडर्सनें ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली: देहाची, मनाची, संसाराची आणि जिवाच्या गूढ प्रश्नांची वेदना एकच असते, आणि ती सोडवावयाचा आरंभ ऐकण्यापासून होतो. शब्द इंग्रजी होता, पण आपल्या ‘शुश्रूषे’चा अर्थ याहून निराळा काय आहे?

१९६७ सालीं लंडनच्या सिडनहॅम भागांत सेंट ख्रिस्तोफर हें ५४ खाटांचें गृह उघडलें. अशा गृहाला इंग्रजींत ‘हॉस्पिस’ म्हणतात; मध्ययुगांतील यात्रेकरूंच्या धर्मशाळेचा तो शब्द आहे. टास्माची खिडकी प्रवेशद्वारापाशीं बसविण्यांत आली. या गृहाचें वैशिष्ट्य असें कीं तें पहिल्या दिवसापासून शाळाहि होतें आणि संशोधनाचें केंद्रहि. जगभरच्या परिचारिका तेथें येऊन राहूं लागल्या. त्यांना व्याख्यानें मिळत. पण खरा पाठ असा कीं, प्रथम रोग्याची वेदना औषधानें काबूंत आणावयाची आणि मग त्याच्याजवळ बसावयाचें. हा क्रम उलटा केला तर चालत नाहीं. ज्याच्या हाडांत आग पेटली आहे त्याच्याजवळ बसून हात कुरवाळणारी परिचारिका थोड्याच दिवसांत तेथून पळ काढते, आणि त्यांत तिचा दोष नसतो.

अमेरिकेंत शिकागोच्या विद्यापीठाच्या रुग्णालयांत एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारवैद्य बाईनें १९६५ पासून असाच एक प्रयोग चालविला. धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिच्याकडे मृत्यूचा अभ्यास करावयास आले. तिनें म्हटलें, मरणाऱ्यांनाच विचारूं. तिनें रुग्णालयांत रोगी मागितले, तर आमच्याकडे मरणोन्मुख कोणी नाहींच, असें उत्तर डॉक्टरांकडून मिळालें. मोठें रुग्णालय, आणि मरणारा एकहि नाहीं! अखेर रोगी मिळाले. ती कांचेच्या पडद्याअलीकडे रोग्याशीं बोले, पलीकडून विद्यार्थी आणि परिचारिका ऐकत. रोगी परत गेल्यावर, आपल्याला काय वाटलें हें त्यांनीं बोलावयाचें. १९६९ सालच्या तिच्या पुस्तकांतील शोकाच्या पांच अवस्था पुढें पाठ्यपुस्तकांत पाढ्यांसारख्या घोकल्या जाऊं लागल्या. रोगी आतां कितव्या पायरीवर आहे, हें ओळखण्याच्या नादांत रोगी काय म्हणतो याकडे पुन्हां दुर्लक्ष होऊं लागलें. असें होऊं नये हें तिनें स्वतःच नंतर सांगितलें.

त्या पांच अवस्थांपेक्षां तिनें आपल्या आठवणींत सांगितलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्या रुग्णालयांत एक काळी झाडूवाली बाई होती. ती ज्या खोलींतून बाहेर पडे तेथील मरणोन्मुख रोगी अधिक शांत दिसे. क्युब्लर-रॉसनें तिला गांठून विचारलें, तूं आंत जाऊन करतेस तरी काय? ती बाई प्रथम घाबरली. आपल्या हातून कांहीं चुकलें असें तिला वाटलें. मग तिनें सांगितलें कीं, तिचें तीन वर्षांचें मूल न्यूमोनियानें आजारी असतांना सार्वजनिक दवाखान्यांत तिची पाळी येईपर्यंत तिच्याच मांडीवर गेलें. तेव्हांपासून मरण तिला परकें राहिलें नव्हतें. रोगी घाबरलेले दिसले म्हणजे ती त्यांच्याजवळ जाऊन बसे, हाताला हात लावी, आणि तें इतकें भयंकर नसतें असें सांगे. क्युब्लर-रॉसनें या बाईला आपली साहाय्यक केलें, तेव्हां कांहीं विद्वान सहकारी नाराज झाले. आपल्याकडच्या त्या विधवा आत्याबाईची आठवण मला येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

येल विद्यापीठांतील परिचर्या-शाळेची मुख्य फ्लॉरेन्स वॉल्ड हिनें १९६३ सालीं सॉंडर्सचें व्याख्यान ऐकलें. पुढें तें उच्च पद सोडून ती लंडनला सेंट ख्रिस्तोफरमध्यें काम शिकावयास गेली, आणि १९७४ सालीं अमेरिकेंतील पहिलें हॉस्पिस कनेक्टिकट राज्यांत सुरू होण्यास ती कारणीभूत झाली. तरी पुस्तकें हलावयास आणखी पंचवीस वर्षें लागलीं. १९९९ सालीं बेटी फेरेल व तिच्या सहकाऱ्यांनीं परिचर्येचीं पन्नास पाठ्यपुस्तकें पानोपान तपासलीं; पंचेचाळीस हजारांहून अधिक पानांत मरणसमयींच्या सेवेविषयीं आढळलीं तीं अवघीं शेंकडा दोन. या शोधानंतर २००० सालीं तेथें परिचर्येच्या शिक्षकांनाच हा विषय शिकविण्याची मोठी योजना सुरू झाली. शिक्षकांपासून आरंभ केला हें मला फार शहाणपणाचें वाटतें. शिक्षिकेच्या मनांतली भीति तशीच ठेवून विद्यार्थिनीच्या मनांतली काढतां येत नाहीं.

इंग्लंडला मात्र हा धडा पुन्हां, आणि फार कडू रीतीनें, गिरवावा लागला. स्टॅफर्डच्या रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत रोग्यांना पाणीसुद्धां वेळेवर मिळालें नाहीं, अशा तक्रारींची चौकशी होऊन २०१३ सालीं फ्रान्सिस समितीचा अहवाल आला. परिचर्या शिकूं इच्छिणाऱ्या मुलामुलींची करुणा आधीं पारखावी, अशी सूचना त्या वेळीं पुढें आली. सूचना चांगल्या मनानें केलेली होती. पण त्याच अहवालांत लिहिलें होतें कीं, तेथें पैसा वांचविण्यासाठीं परिचारिकांची संख्या कमी केली होती. मेन्झीसच्या लेखाला तेव्हां पन्नासाहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं. आंत येणाऱ्या मुलीचें मन तपासावें आणि ज्या कक्षांत ती जाणार तो मात्र तपासूं नये, हा न्याय मला समजत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे येतों. १९८६ सालीं डॉ. लुई जोझे डिसूझा या कर्करोगाच्या शस्त्रवैद्यांनीं मुंबईस वांद्र्याला ‘शांति आवेदना’ हें गृह सुरू केलें. भारतांतील हें पहिलें हॉस्पिस. पुढें गोव्यांत आणि दिल्लींतहि त्याच्या शाखा निघाल्या. योगायोग असा विचित्र कीं, त्याच्या आदल्याच वर्षीं, १९८५ सालीं, मादक द्रव्यांविषयींचा कडक कायदा झाला. हेतु व्यसनाला आळा घालण्याचा होता. पण परवान्यांच्या जंजाळामुळें रुग्णालयांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडून दिलें, आणि बारा-तेरा वर्षांत देशांतील त्याचा औषधी वापर एक दशांशाहूनहि खालीं गेला. जो देश जगासाठीं अफू पिकवितो त्यांतले कर्करोगी तळमळत राहिले, आणि परिचारिकांच्या एका सबंध पिढीनें मॉर्फिन नेमानें दिलेलें पाहिलेंच नाहीं. ज्या हातांत औषध नाहीं त्या हातांना करुणेचा पाठ द्यावयाचा तो कसा? १९९३ सालीं कोळिकोडे येथें डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली. तेथून परिचारिका रोग्यांच्या घरोघर जाऊं लागल्या, शेजारचे लोक त्यांच्या मदतीस आले, आणि २००८ सालीं केरळ सरकारनें या सेवेचें धोरणच ठरविलें. कायद्यांतील अडचण बऱ्याच खटपटीनंतर २०१४ च्या दुरुस्तीनें कमी झाली. सर्वत्र संपली असें नव्हे.

हा विषय शिकवितांना आपल्याकडे एक अडचण अशी येते, जी इंग्रजी पुस्तकांत फारशी आढळत नाहीं. वर्गांत एका विद्यार्थिनीला रोगी करतात, दुसरीला परिचारिका. रोगी झालेली मुलगी विचारते, ‘सिस्टर, मी मरणार का?’ आणि परिचारिका झालेली मुलगी तत्काळ उत्तरते, ‘असं अभद्र बोलूं नये, आजी!’ ‘शुभ बोल रे नाऱ्या’ हें आपण लहानपणापासून ऐकत आलेले. तें उत्तर निष्ठुरपणाचें नसतें, मायेचें असतें. पण त्या एका वाक्यानें संभाषण संपतें. त्यांतून घरचे लोक दाराबाहेर परिचारिकेला गांठून बजावतात, ‘त्यांना कांहीं कळूं देऊं नका.’ आणि रोग्याला तर सर्व कळलेलें असतें. तो घरच्यांना कळूं देत नाहीं. या दोघांच्या मध्यें ती मुलगी उभी असते. नाइटिंगेलच्या त्या प्रकरणांतले पाहुणे आपल्याकडे पाहुणे नसतात, आपणच असतों.

मीहि त्यांतलाच एक होतों. माझी मावशी एका रुग्णालयांत शेवटच्या आजारांत होती. डॉक्टरांनीं मला बाहेर बोलावून सांगितलें, आणि मीं आंत येऊन हंसत हंसत तिला सांगितलें कीं, दिवाळीला तूं घरीं आहेस. तिनें मान हलविली. रात्रीं मी बाकावर पडलों होतों. झोंप लागली नव्हती. पाळीवरची परिचारिका वीस-बावीस वर्षांची, कोंकणांतली असावी. ती औषध देऊन वळणार तोंच मावशीनें तिला विचारलें, ‘सिस्टर, मी यांतून उठेन का ग?’ मीं श्वास रोखून धरला. ती मुलगी कांहीं वेळ गप्प राहिली. मग तिनें बाजूचें स्टूल ओढलें, त्यावर बसली, आणि म्हणाली, ‘आजी, तुम्हांला काय वाटतं?’

मावशी बराच वेळ बोलत होती. पुष्कळसें मला ऐकूं आलें नाहीं. सकाळीं मी चहा घेऊन गेलों तेव्हां तिनें मला जवळ बसावयास सांगितलें, आणि घरांतल्या किल्ल्या कोठें ठेवल्या आहेत, कोणाचे किती पैसे द्यावयाचे राहिले आहेत, आणि तुळशीला पाणी कोणीं घालावयाचें, तें सर्व एकेक करून नीट सांगितलें.